क्रेफिशची बाह्यरचना: नावं पाठ आहेत, पण ट्रेमध्ये काहीच सापडत नाही

प्रश्न असा आहे: प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला, कोळंबीसारखा प्राणी) आहे. उपांगांच्या, म्हणजे अंगाला जोडीने फुटलेल्या पाय-मिशांसारख्या अवयवांच्या, 19 जोड्यांची नावं पाठ झाली आहेत, पण प्राणी ट्रेमध्ये उताणा ठेवला की तोंडापाशी नुसता गुंता दिसतो. एका पुस्तकात पायांच्या चार जोड्या आहेत, दुसऱ्यात पाच. मादीचं जननछिद्र एकात दुसऱ्या पायाच्या बुडाशी दाखवलंय, दुसऱ्यात तिसऱ्याच्या. खरं कुठलं धरायचं, कुठला भाग नेमकं काय करतो, आणि एक नांगी लहान असलेला नमुना चालेल का?

पायांचं आधी मिटवून टाकू, कारण गुण बहुतेक तिथेच जातात. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. मोठ्या नांग्यांची जोडी पाय म्हणून मोजायची की नाही, एवढाच फरक. मोजली तर पाच जोड्या होतात; मादीचं छिद्र तिसऱ्या पायाच्या बुडाशी आणि नराचं पाचव्याच्या. नांग्या वेगळ्या काढून फक्त चालायचे पाय मोजले तर चार जोड्या राहतात आणि तीच छिद्रं दुसऱ्या आणि चौथ्या पायापाशी येतात. तुमच्या अभ्यासक्रमात जी पद्धत असेल ती धरा आणि उत्तराच्या सुरुवातीलाच ‘नांगी ही पहिली जोडी धरली आहे’ किंवा ‘धरलेली नाही’ असं लिहून टाका. मी खाली सगळीकडे नांगी पहिली धरूनच लिहितोय.

तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. यादी तुम्ही डोक्याकडून शेपटीकडे पाठ केली आहे आणि प्राणीही त्याच क्रमाने वाचायला जाता. डोक्याकडची उपांगं सगळ्यांत लहान, दाटीची आणि एकमेकांखाली दडलेली असतात. म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यांत अवघड काम. त्याऐवजी शेपटीकडून सुरुवात करा. तिथे उपांगं सुटी, मोठी आणि साधी असतात, आणि मुळचा आराखडा तिथे उघड दिसतो.

तो आराखडा असा: बुडाशी एक दांडा, त्याची दोन पेरं, आणि दांड्याच्या टोकाला दोन फाटे. अंगाच्या मधल्या रेषेकडचा आतला फाटा म्हणजे एन्डोपोडाइट, बाहेरचा एक्झोपोडाइट. काही ठिकाणी दांड्यालाच बाहेरून आणखी एक पातळ पान फुटतं, तो एपिपोडाइट. कुठे आतला फाटा वाढून पाय झाला आणि बाहेरचा गळून गेला, कुठे बाहेरचा रुंद होऊन पातं झालं, तर कुठे दोन्ही आखडले आणि बुडालाच दात आले. एकदा हे डोळ्यांत बसलं की हातातलं उपांग ओळखायला दोनच प्रश्न पुरतात: फाटे किती उरलेत, आणि कुठला वाढलाय?

काही गोष्टी तुमच्या नमुन्यावर अवलंबून आहेत: नर की मादी, पूर्ण वाढ झालेला की पिल्लू, आणि कुठल्या कुळातला. उत्तर गोलार्धातली क्रेफिश मुख्यतः ॲस्टॅसिडी आणि कॅम्बेरिडी कुळांत येतात, दक्षिण गोलार्धातली पॅरास्टॅसिडी कुळात. प्रयोगशाळेत नेहमी दिसणारी प्रोकॅम्बॅरस क्लार्की ही लाल जात कॅम्बेरिडी कुळातली, म्हणून खालचं वर्णन मुख्यतः तिला धरून आहे. तुमचा नमुना पॅरास्टॅसिडीतला असेल तर उदराखालच्या उपांगांची पहिली जोडी नर-मादी दोघांतही नसते, ती शोधत बसू नका. रंगावरून मात्र काहीही ठरवू नका. कवचातलं ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असताना निळसर-तपकिरी दिसतं. उष्णतेने किंवा अल्कोहोलने ते प्रथिन मोडलं की कुठल्याही जातीचा नमुना लालसर होतो.

आता प्राणी ट्रेमध्ये घ्या. फॉर्मॅलिनमधला असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघडून, वाहत्या पाण्यात नीट धुवा. आधी पालथा ठेवा आणि मापं घ्या, कारण उपांगं काढायला लागल्यावर अंग वाकतं आणि माप चुकतं. पूर्ण लांबी म्हणजे पुढच्या चोचीच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या पात्याच्या शेवटापर्यंत, शेपूट सरळ करून. कवचाची लांबी म्हणजे त्याच टोकापासून कवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत. दुसरं माप जास्त भरवशाचं, कारण शेपूट आखडलेली असली तरी ते बदलत नाही.

वरून दोनच भाग दिसतात: एकसंध कवचाखालचं शिरोवक्ष आणि वलयांचं उदर. शिरोवक्षात डोक्याचे 5 आणि छातीचे 8 खंड एकजीव झालेले आहेत; उदराचे 6 खंड सुटे आहेत. एकूण 19 खंड आणि प्रत्येकाला उपांगांची एक जोडी, म्हणून 19 जोड्या. शेवटचं मधलं पातं, टेल्सन, यात धरत नाहीत, कारण त्याला उपांगं नसतात. डोळ्याचे देठही साधारणपणे उपांगांत मोजत नाहीत. एखाद्या पुस्तकात 20 आकडा दिसला तर तिथे डोळ्यांचा एक खंड वेगळा धरलेला असतो.

कवचावर, म्हणजे कॅरापेसवर, आडवी वळणदार खाच आहे. ती मानेची खाच, डोकं आणि छाती कुठे जुळली त्याची खूण. पुढची टोकदार चोच म्हणजे रोस्ट्रम. ती दोन डोळ्यांच्या मधून पुढे येते आणि त्यांना आडोसा देते. आता कवचाची बाजूची खालची कड नखाने हलकेच उचलून पाहा. ती अंगाला चिकटलेली नाही. कवचाची ही बाजू कल्ल्यांवरचं झाकण आहे आणि आत कल्ल्यांची पोकळी आहे. बरेच विद्यार्थी कवच म्हणजे निव्वळ चिलखत असं लिहितात. पण बाजूचा हा भाग नसता तर कल्ल्यांवरून पाणी एका दिशेने ओढताच आलं नसतं.

कवच कायटिन आणि प्रथिनांचं, आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं. ते ताणत नाही, त्यामुळे वाढायचं तर कात टाकावी लागते. गोड्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून कात टाकण्याआधी प्राणी जुन्या कवचातलं काही कॅल्शियम शोषून जठराच्या भिंतीत दोन गोल खड्यांच्या रूपात साठवतो आणि नंतर नवं कवच कडक करायला वापरतो. कवच आणि उदर यांच्यामधला पडदा फाटतो आणि त्या फटीतून प्राणी बाहेर निसटतो. मागे राहिलेली कात अभ्यासाला फार उत्तम. तिच्यात सगळी उपांगं, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचं अस्तरसुद्धा असतं. कोणी मत्स्यालयात क्रेफिश पाळत असेल तर कात लगेच काढून घ्यायला सांगा, कारण प्राणी ती खाऊन टाकतो. कोरडी कात पाण्यात भिजवली की मऊ पडते आणि न तुटता उलगडता येते.

आता शेपटीकडून.

टेल्सनच्या दोन्ही बाजूंची रुंद पाती म्हणजे युरोपॉड, एकोणिसावी जोडी. आखूड दांडा आणि दोन चपटे फाटे इथे स्वच्छ दिसतात. बाहेरच्या पात्यावर आडवी सांधरेषा असते, आतल्यावर नसते. सुटं काढलेलं युरोपॉड डावं की उजवं हे त्यावरून कळतं. टेल्सन आणि चार पाती मिळून शेपटीचा पंखा होतो. टेल्सन उलटं करून पाहिलं तर मधोमध गुदद्वाराची चीर दिसते. ती उदराच्या सहाव्या खंडावर दाखवणं ही नेहमीची चूक आहे.

उदराची वलयं कौलांसारखी एकमेकांवर चढलेली असतात. वरचा भाग जाड, खालचा पातळ, बाजूचे कोपरे खाली लोंबणारे. वलयांमध्ये मऊ पडदा असल्यामुळे उदर खाली जोरात दुमडतं, वर मात्र फारसं वळत नाही. आतला बहुतेक सगळा भाग दुमडणाऱ्या स्नायूंनी भरलेला आहे, आणि तोच पळून जायचा मार्ग: पंखा उघडून उदर झटक्यात पोटाखाली ओढलं की प्राणी मागे फेकला जातो. त्यातही दोन प्रकार आहेत. समोरून धोका आला तर उदराचे सगळे सांधे दुमडतात आणि प्राणी सरळ मागे जातो. मागून, उदराला धक्का लागला तर पुढचेच सांधे दुमडतात, शेवटचे सरळ राहतात, आणि प्राणी वर उसळून पुढे कलंडतो. दोन्हींसाठी मज्जारज्जूत वेगवेगळे जाड तंतू आहेत, म्हणून ही हालचाल इतकी झटपट होते.

उदराच्या पहिल्या पाच खंडांखालच्या छोट्या जोड्या म्हणजे प्लिओपॉड किंवा पोहण्याचे पाय. नाव पोहण्याचं असलं तरी मोठा प्राणी त्यांच्यावर पोहत नाही. ते तालात हलवून उदराखालून पाणी खेळतं ठेवतो. तिसरी जोडी हातात घ्या आणि भिंगातून पाहा: दांडा, दोन लांबट फाटे, कडेला केस. वर सांगितलेला आराखडा तो हाच, म्हणून चित्र काढताना पहिलं चित्र याचं काढा. मादी अंडी याच केसांना चिकटवते आणि पाय हलवून त्यांना ताजं पाणी देते. बाहेर आलेली पिल्लंही साधारण दोनदा कात टाकेपर्यंत तिथेच लटकून राहतात.

नर-मादी ओळखायला पहिल्या दोन जोड्या बघा. नरात त्या कडक, नळीसारख्या किंवा खोबणीच्या होऊन पुढे वळलेल्या असतात आणि शेवटच्या पायांच्या मधल्या जागेत छातीला टेकून बसतात. शुक्राणूंच्या पुड्या मादीवर पोचवणं हे त्यांचं काम. मादीत पहिली जोडी अगदी बारीक असते, काही वेळा दिसतही नाही, आणि दुसरीपासून पुढच्या साध्या असतात. कॅम्बेरिडीत आणखी दोन खुणा मिळतात. मादीच्या छातीच्या मधल्या रेषेवर, चौथ्या आणि पाचव्या पायांच्या बुडांमध्ये, शुक्राणू साठवणारा एक छोटा गोलसर कडक उंचवटा असतो. नरात काही पायांच्या तिसऱ्या पेरावर आकडे असतात, प्रोकॅम्बॅरस क्लार्कीत तिसऱ्या आणि चौथ्या पायावर; मादीला धरून ठेवायला ते लागतात. कॅम्बेरिडी नर प्रजननकाळ संपला की कात टाकून कमी टोकदार रूपात जातो, त्यामुळे उपांगांची टोकं बोथट दिसली म्हणून नमुना मादी ठरवू नका. शेवटचा निर्णय नेहमी छिद्रावर: तिसऱ्या पायाच्या बुडाच्या आतल्या बाजूला गोल छिद्र म्हणजे मादी, पाचव्याच्या बुडाशी म्हणजे नर.

आता पाय. प्रत्येकाला बुडापासून सात पेरं: कॉक्सा, बेसिस, इस्किअम, मेरस, कार्पस, प्रोपोडस, डॅक्टिलस. पहिली दोन म्हणजे आराखड्यातला दांडा, पुढची पाच म्हणजे आतला फाटा. बाहेरचा फाटा इथे उरलेलाच नाही. एकेक सांधा बिजागरीसारखा एकाच दिशेत हलतो, पण लागोपाठच्या सांध्यांच्या दिशा वेगवेगळ्या आहेत. सगळे मिळून पाय हवा तिकडे वळतो. पहिली तीन पेरं मोजताना बेसिस आणि इस्किअम यांत हमखास गल्लत होते, कारण नांगीत ती दोन्ही जुळून गेलेली असतात. म्हणून पेरं मोजायला नांगी घेऊ नका, चौथा पाय घ्या.

ओळखायची खूण टोकाला. पहिल्या तीन जोड्यांना चिमटा असतो, पहिलीचा मोठा, दुसरी-तिसरीचा बारीक. चौथी आणि पाचवी एका नखीत संपतात. चिमटा कसा बनतो ते जवळून पाहा: सहावं पेर बाजूने वाढून त्याचं न हलणारं बोट होतं, आणि सातवं पेर त्याच्यासमोर उघडझाप करतं. हलतं ते सातवं. चित्रात दोन्ही बोटांना डॅक्टिलस असं नाव दिलं की लगेच गुण जातो. मोठी नांगी पकडायला, फोडायला, भांडायला आणि समोरच्याला दाखवायला. दुसरा-तिसरा पाय तळावरचे कण चाचपून तोंडाकडे पोचवायला, त्यांच्या टोकांना चवही कळते. चालताना पुढचे पाय ओढतात आणि मागचे ढकलतात. मागचे दोन अंग साफ करायच्या कामीही येतात.

डाव्या बाजूच्या कवचाची कड कापून काढली की कल्ले दिसतात. बोथट टोकाची कात्री मागच्या खालच्या कोपऱ्यातून आत घाला, पातं कवचाला घासूनच पुढे न्या आणि मानेच्या खाचेपाशी थांबा. कात्री खोल गेली तर कल्ल्यांचा लगदा होतो. कल्ले पिसांसारखे असतात आणि ते कशाला जोडलेत यावरून त्यांचे प्रकार पडतात: उपांगाच्या बुडाला, बुडाजवळच्या सांध्याच्या पडद्याला, किंवा छातीच्या भिंतीला. बुडाला जोडलेले कल्ले दुसऱ्या मॅक्सिलिपेडपासून (नांगीच्या पुढे, तोंडावर असलेल्या तीन जोड्यांपैकी मधली) चौथ्या पायापर्यंत, म्हणजे एका बाजूला सहा. म्हणून पाय बुडापासून नीट उपटला तर त्याच्याबरोबर कल्ला आला पाहिजे. पहिल्या चार पायांपैकी एखादा कल्ल्याशिवाय आला तर तुम्ही तो बेसिसपाशी तोडलाय आणि कॉक्सा अंगावरच राहिलाय. पाचव्या पायाबरोबर मात्र कल्ला येत नाही, आणि तो आला नाही म्हणून नमुना खराब समजू नका. एकूण कल्ले किती, हे कुळावर ठरतं: ॲस्टॅकस प्रजातीत एका बाजूला पूर्ण वाढीचे 18 (बुडाचे 6, सांध्याचे 11, भिंतीचा 1), कॅम्बेरिडीच्या नेहमीच्या नमुन्यांत भिंतीचा नसल्यामुळे 17.

पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हे कळल्याशिवाय तोंडाची उपांगं कळत नाहीत. पाणी कवचाच्या मागच्या-खालच्या कडेने, पायांच्या बुडांमधून आत शिरतं, कल्ल्यांवरून पुढे वाहतं आणि तोंडाच्या बाजूने बाहेर पडतं. ते ओढणारं पातं दुसऱ्या मॅक्सिलाचं (मॅक्सिला म्हणजे जबड्यामागच्या पातळ उपांगांच्या दोन जोड्या), स्कॅफोग्नॅथाइट नावाचं. जिवंत प्राणी असेल तर उथळ पाण्यात स्थिर होऊ द्या आणि मागच्या पायांच्या बुडाशी ड्रॉपरने खायच्या रंगाचा एक थेंब अलगद सोडा. थोड्याच वेळात रंग तोंडाच्या बाजूने पुढे येतो. मधेच क्षणभर प्रवाह उलटा झाला तर घाबरू नका. कल्ल्यांत अडकलेला गाळ झाडायला प्राणी स्वतःच तसं करतो. जिवंत क्रेफिश उचलताना नांग्यांच्या मागे, कवचाच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोट धरून उचला; नांगी तिथे मागे पोचत नाही.

आता गुंता. उताण्या प्राण्यात तोंडावर सगळ्यांत वर दिसते ती तिसऱ्या मॅक्सिलिपेडची जोडी. ती नांगीच्या लगेच पुढे असते, लहान पायासारखी दिसते, पण टोकाला चिमटा नसतो आणि आतल्या कडेला करवतीसारखे दात असतात. हा दात दिसला की तुमचं मोजणं पक्कं: हे आठवं उपांग, याच्या मागचं नववं म्हणजे नांगी. इथून पुढे एकेक थर उचलत जायचं, वरचा काढल्याशिवाय खालचा दिसत नाही. क्रम असा येतो: तिसरं मॅक्सिलिपेड, दुसरं, पहिलं, मग दुसरा मॅक्सिला, पहिला मॅक्सिला आणि शेवटी मँडिबल, म्हणजे जबडा. म्हणजे आकडे 8, 7, 6, 5, 4, 3.

काढताना चिमटा उपांगाच्या मध्यावर लावायचा नाही. बुडाशी, अंगाला टेकवून घट्ट पकडा, थोडं मागेपुढे हलवून सांधा सैल करा, मग अंगापासून सरळ बाहेर ओढा. पातळ उपांगं मध्यावर धरली की अर्धी हातात येतात आणि उरलेली अर्धी पुढच्या उपांगाचा भाग म्हणून मोजली जातात. निम्मा गोंधळ इथून सुरू होतो. काढलेलं प्रत्येक उपांग लगेच 1 ते 19 आकडे लिहिलेल्या कार्डावर त्याच्या आकड्यापुढे ठेवा आणि वर पाण्याचा थेंब सोडा. वाळलं की ते गुंडाळतं आणि मग काही ओळखू येत नाही.

तिसरं आणि दुसरं मॅक्सिलिपेड घास धरतात, फाडतात, आत सारतात. दोघांनाही बाहेरचा बारीक फाटा उरलेला असतो, त्याच्या टोकाचे केस हलून तोंडापुढचं पाणी ढवळलं जातं आणि वास पसरतो किंवा जवळ येतो. दोघांनाही कल्ला असतो. पहिल्या मॅक्सिलिपेडला तो नसतो: एपिपोडाइटचं रुंद पान असतं, पण त्यावर पिसं नसतात. दुसरं की पहिलं असा घोळ झाला तर एवढं बघितलं तरी पुरे.

पाचव्या उपांगात, म्हणजे दुसऱ्या मॅक्सिलात, लांबट बाकदार पातं आहे, तेच मघाचं स्कॅफोग्नॅथाइट. ते कल्ल्यांच्या पोकळीच्या तोंडाशी बसतं. कार्डावर ठेवताना त्याची मागची टोकाची बाजू तुटू देऊ नका. परीक्षक आधी तेच बघतात. चौथं, पहिला मॅक्सिला, सगळ्यांत क्षुल्लक दिसतं: दोन-तीन पातळ पानं, बाहेरचा फाटा नाहीच. घास मँडिबलकडे ढकलणं एवढंच काम. विद्यार्थी ते मँडिबलबरोबर उचकटून टाकतात आणि मग यादीत एक आकडा कमी भरतो. 19 ऐवजी 18 आले तर बहुतेक वेळा हरवलेलं हेच असतं; मँडिबलच्या मागच्या बाजूला चिकटलेलं सापडतं.

मँडिबल कडक, दातेरी, आणि त्याला पुढे तीन पेरांची मिशी. ते वर-खाली हलत नाही, डावं-उजवं एकमेकांवर येतं. त्यासाठी जोर लागतो, म्हणून ते काढायलाही जोर लागतो. आधी सुरीच्या टोकाने भोवतीचा पडदा सोडवा. मँडिबल घास कापतं आणि चिरडतं, बारीक दळण पुढे जठरातल्या दातांनी होतं. बाह्यरचनेच्या उत्तरात ‘मँडिबल अन्न पूर्ण बारीक करतं’ असं लिहू नका.

उरल्या डोक्यावरच्या मिशांच्या दोन जोड्या. लांब चाबकासारखी ती अँटेना, दुसरी जोडी. तिचा लांब धागा म्हणजे आतला फाटा, स्पर्शासाठी; बाहेरचा फाटा चपटं त्रिकोणी पातं झालाय, जे झेप घेताना अंग सांभाळतं. तिच्या बुडाच्या पेरावर, खालच्या बाजूला, एक बारीक उंचवटा आहे. त्याच्या टोकाला उत्सर्जन ग्रंथीचं छिद्र. म्हणजे मूत्र डोक्याशी बाहेर पडतं, आणि भांडणात प्राणी ते पुढे सोडून समोरच्याला वासाने स्वतःची ओळख आणि ताकद कळवतो. गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या अंगात पाणी सतत शिरत राहतं, ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकणं हे या ग्रंथीचं मोठं काम.

आतली आखूड, दोन-दोन धाग्यांची ती अँटेन्यूल, पहिली जोडी. तिच्या बाहेरच्या धाग्याच्या टोकाकडे, खालच्या बाजूला, वास घेणाऱ्या नळीदार केसांच्या ओळी असतात. जिवंत प्राणी हा धागा मधूनमधून झटकतो, ती त्याची हुंगण्याची पद्धत. तिच्या पहिल्या पेरात, वरच्या बाजूला केसांनी झाकलेली एक चीर आहे. आत तोल सांभाळणारी पिशवी, स्टॅटोसिस्ट, आणि तिच्यात वाळूचे कण. कण कुठल्या केसांवर टेकतात त्यावरून वर-खाली कळतं. कात टाकताना हे अस्तरही जातं, म्हणून कण नव्याने घ्यावे लागतात. 1893 मध्ये आलोइस क्राइडल यांनी याचाच उपयोग केला: कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस मिळू दिला, आणि मग चुंबक जवळ नेला की कोळंबी चुंबकाच्या हिशेबाने अंग कलंडवायची.

डोळे देठावर असतात आणि देठ हलतो, त्यामुळे प्राणी न वळताही बाजूचं बघू शकतो. 10 पट भिंगातून डोळ्याचे कप्पे नीट बघा: ते चौकोनी आहेत. कीटकांचे षट्कोनी असतात, म्हणून सवयीने इथेही षट्कोन काढले जातात. चौकोनी कप्प्यांच्या भिंती आरशासारखं काम करून प्रकाश एका जागी गोळा करतात. क्रेफिशमध्ये हे 1975 मध्ये क्लाउस फोख्ट यांनी दाखवलं. अंधुक पाण्यात आणि रात्री वावरणाऱ्या प्राण्याला ते सोयीचं. देठाच्या आत कात टाकणं रोखून धरणारं संप्रेरक तयार करणारा भाग असतो. दोन्ही देठ गेले तर प्राणी लवकर कात टाकायला लागतो.

नांगी लहान असलेला नमुना चालतो. संकटात प्राणी नांगी स्वतःच टाकून देतो. ती बुडाजवळच्या ठरलेल्या रेषेवर तुटते, तिथला पडदा लगेच मिटतो आणि रक्तस्राव थांबतो. नवी नांगी त्याच जागेतून येते, प्रत्येक काताबरोबर मोठी होते, आणि काही काळ दुसरीपेक्षा बारीक दिसते. ठरलेल्या रेषेवर सपाट, बंद झालेलं टोक असेल तर ती जिवंतपणी गेलेली. मध्येच कुठेतरी दातेरी फाटलेलं असेल तर ती हाताळताना मोडलेली. दोन्ही वेळी कार्डावर 9 हा आकडा रिकामा सोडू नका: दुसऱ्या बाजूची नांगी लावा आणि खाली ‘उजव्या बाजूची’ असं लिहा. आकडा गाळला तर त्यापुढचे सगळे पाय एकाने सरकतात आणि जननछिद्र पुन्हा चुकीच्या पायावर जाऊन बसतं.